एकाच गाडीचे चार भाव : ब्रिटनमध्ये ऑनलाइन ब्रोकरकडून नवी गाडी घेताना

लंडनच्या पश्चिमेला स्लाऊमध्ये राहणारं एक मराठी जोडपं, त्यांची दोन मुलं, आणि ऑक्टोबरमध्ये पुण्याहून येणारे आई-बाबा. जुन्या हॅचबॅकमध्ये सहा माणसं मावणार नाहीत, म्हणून सात सीटची पेट्रोल हायब्रिड एसयूव्ही घ्यायचं ठरलं. मॉडेल, ट्रिम आणि रंग पक्का होता. गावातल्या शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हही झाली होती. भाव तेवढा ठरायचा होता. ऑगस्ट 2025 च्या शेवटी, गणपतीच्या आठवड्यात, चार ठिकाणांहून कोटेशन मागवली. चार वेगळे आकडे आले आणि सगळ्यात महाग व सगळ्यात स्वस्त यांच्यात जवळपास 4,000 पौंडांचा फरक निघाला.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. गाडीची किंमत, कोटेशन आणि व्याजदर यांचे आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून गोल घेतले आहेत. कर, फी आणि कायदे मात्र 2025 मधले, ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष लागू असलेले आहेत.

ब्रोकर नेमकं काय करतो

ब्रिटनमधला ऑनलाइन ब्रोकर स्वतः गाडी विकत नाही. देशभरातल्या अधिकृत डीलरांपैकी काहींशी त्याने आधीच सूट ठरवून ठेवलेली असते. तुम्ही साइटवर मॉडेल आणि ऑप्शन निवडता, तो भाव दाखवतो आणि तुम्ही होकार दिलात की ऑर्डर त्या डीलरकडे पाठवतो. करार तुमचा आणि डीलरचा होतो. ब्रोकरचं कमिशन डीलर देतो, गिऱ्हाइकाने वेगळी फी द्यायची नसते. फी मागणारे ब्रोकरही आहेत. अशा वेळी ती फी गाडीच्या भावात मिळवूनच तुलना करायची.

ड्राइव्ह द डील, ब्रॉडस्पीड हे या जुन्या पद्धतीचे ब्रोकर. कारवाऊची रीत थोडी वेगळी आहे. तिथे डीलर स्वतः तुम्हाला ऑफर पाठवतात आणि पुढचं बोलणं थेट त्यांच्याशीच होतं. ब्रोकरकडे डीलरचं नाव बहुधा ऑर्डरच्या वेळीच कळतं, कारण आपल्या गावातल्या गिऱ्हाइकाला हा भाव दिसू नये अशी त्या डीलरची इच्छा असते.

शे-दीडशे मैलांवरचा डीलर गावातल्या डीलरपेक्षा इतका स्वस्त कसा देतो, हे आधी समजून घ्यावं, कारण पुढची सगळी घासाघीस त्यावर उभी आहे. डीलरला प्रत्येक गाडीमागे मिळणारं मार्जिन आता फार राहिलेलं नाही. खरी कमाई कंपनीकडून मिळणाऱ्या तिमाही बोनसात असते आणि तो ठरलेल्या संख्येइतक्या गाड्या नोंदवल्या तरच मिळतो. समजा एका डीलरचं तिमाहीचं टार्गेट 60 गाड्यांचं आहे आणि ते गाठलं तर प्रत्येक गाडीमागे 400 पौंड मिळणार आहेत. सप्टेंबरच्या मध्याला तो 54 वर अडकला असेल, तर उरलेल्या सहा गाड्या तोटा सोसून विकूनही त्याला फायदा होतो, कारण पणाला 24,000 पौंड लागलेले असतात. या सहा गाड्या तो स्वतःच्या शोरूममध्ये त्या भावाने विकत नाही, नाहीतर गावातलं प्रत्येक गिऱ्हाईक तोच भाव मागेल. त्या ब्रोकरच्या हाती जातात.

म्हणून ब्रोकरचा भाव तिमाही संपताना सर्वांत चांगला असतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये त्यात नव्या नंबर प्लेटची भर पडते. 1 सप्टेंबर 2025 पासून ‘75’ची प्लेट सुरू झाली (प्लेटवरचा हा आकडा गाडी कोणत्या सहामाहीत नोंदली ते दाखवतो), त्यामुळे त्या महिन्यात टार्गेटही मोठी होती आणि विक्रीही. जिथे कंपनी स्वतःच ठरलेल्या एका भावाने विकते, टेस्ला हे त्याचं ठळक उदाहरण, तिथे ब्रोकरकडे द्यायला काही नसतं.

आधी पायाभूत किंमत

कोटेशनमधला ‘5,000 पौंड बचत’ हा शब्दप्रयोग निरुपयोगी आहे, कारण बचत कोणत्या किमतीवरून मोजली ते प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. म्हणून या जोडप्याने आधी कंपनीच्या साइटवरून स्वतःचा हिशोब काढला.

व्हॅट, डिलिव्हरी आणि नंबर प्लेट धरून गाडीची प्रकाशित किंमत 38,900 पौंड. मेटॅलिक निळ्या रंगाचे 650. झाले 39,550. कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन किलोमीटरला 124 ग्रॅम, म्हणजे 111 ते 130 ग्रॅमचा टप्पा आणि पहिल्या वर्षाचा रोड टॅक्स 440 पौंड. पहिल्या नोंदणीची फी 55. ऑन द रोड किंमत 40,045 पौंड.

आपल्याकडच्या ‘ऑन रोड’मध्ये विमा धरलेला असतो, ब्रिटनच्या आकड्यात नसतो. तो वेगळा घ्यायचा.

आता 40,000 या आकड्याकडे नीट बघायला हवं. ज्या पेट्रोल, डिझेल किंवा हायब्रिड गाडीची लिस्ट प्राइस 40,000 पौंडांपेक्षा जास्त, तिला दुसऱ्यांदा कर भरताना एक जादा आकार सुरू होतो. 2025 च्या दराने नेहमीच्या 195 पौंडांवर आणखी 425, म्हणजे वर्षाला 620, आणि हे पाच वर्षं. त्या दराने जादा भार 2,125 पौंडांचा होतो, आणि दर वर्षागणिक वाढत असल्याने प्रत्यक्षात थोडा अधिकच. लिस्ट प्राइस म्हणजे सूट वजा करण्याआधीची प्रकाशित किंमत, पहिल्या नोंदणीपूर्वी बसवलेले पैसे देऊन घेतलेले ऑप्शन धरून. तुम्ही गाडी 34,000 ला घेतलीत तरी डीव्हीएलएला, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याला, त्याच्याशी देणंघेणं नाही. उलट, पहिल्या वर्षाचा रोड टॅक्स आणि नोंदणी फी लिस्ट प्राइसमध्ये धरत नाहीत.

म्हणजे या गाडीची ऑन द रोड किंमत 40,045 असूनही तिला जादा आकार लागत नाही, कारण लिस्ट प्राइस 39,550 आहे. पण 600 पौंडांचा टेक्नॉलॉजी पॅक टिकमार्क केला की लिस्ट प्राइस 40,150 होते आणि त्या पॅकची खरी किंमत 600 वरून 2,725 वर जाते. साइटवर ऑप्शन निवडताना हा इशारा कुठेही झळकत नाही. जोडप्याने पॅक काढून टाकला. रूफ बॉक्स आणि बूट लायनर नोंदणी झाल्यावर ॲक्सेसरी म्हणून घ्यायचे ठरवले, त्यामुळे त्यांची किंमत लिस्ट प्राइसमध्ये शिरत नाही.

चार कोटेशन

गावातला डीलर: 38,845 पौंड, म्हणजे 1,200 ची सूट. सोबत मॅट फुकट आणि 499 पौंडांचं पेंट प्रोटेक्शन घेण्याचा आग्रह.

ब्रोकर अ: 36,545. सूट 3,500. रोखीने घ्या किंवा कुठलंही कर्ज काढा, भाव तोच. गाडी देशातल्या स्टॉकमध्ये तयार.

ब्रोकर ब: 35,445. सूट 4,600. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की यात कंपनीच्या पीसीपी कर्जावर मिळणारं 1,500 पौंडांचं डिपॉझिट कॉन्ट्रिब्युशन धरलं आहे, एपीआर 6.9 टक्के. पीसीपी म्हणजे दरमहा लहान हप्ते आणि शेवटी एक मोठा हप्ता भरून गाडी ठेवायची किंवा परत करायची असं कर्ज, डिपॉझिट कॉन्ट्रिब्युशन म्हणजे ते घेणाऱ्याच्या डिपॉझिटमध्ये कंपनीने घातलेली भर, आणि एपीआर म्हणजे कर्जाचा एकूण वार्षिक दर.

ब्रोकर क: 34,900. ‘नवी, डिलिव्हरी मायलेज, लगेच उपलब्ध’.

वरवर पाहता क जिंकला. या प्रकरणाचा खरा अभ्यास इथूनच सुरू होतो. जोडप्याने तिन्ही ब्रोकरना एकच ईमेल पाठवला आणि तेच प्रश्न विचारले. गाडीची आजवर नोंदणी झाली आहे का आणि व्ही5सीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, पहिला कीपर (ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली असते तो) कोण असेल? कंपनीचं कर्ज अजिबात घेतलं नाही तर भाव किती? घेतलं तर किती? या गाडीत बसवलेले ऑप्शन धरून लिस्ट प्राइस किती? नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत व्हायला हवी, आणि ती तारीख चुकली तर भाव बदलतो का? फोनवर विचारलं असतं तर गोड उत्तरं मिळाली असती. ईमेलमुळे लेखी मिळाली.

क का बाद झाला

उत्तर आलं की गाडी जून 2025 मध्ये डीलरच्या नावावर नोंदलेली आहे. याला प्री-रेजिस्टर्ड गाडी म्हणतात. तिमाही बोनस गाठण्यासाठी डीलर न विकलेल्या गाड्या स्वतःच्या नावावर नोंदवून टाकतो आणि मग काही आठवड्यांनी विकतो. गाडी चाललेली नसते, पण कागदावर तुम्ही दुसरे कीपर होता. कंपनीची वॉरंटी जूनमध्येच सुरू झालेली, तीन वर्षांनंतरची पहिली एमओटी (सक्तीची वार्षिक तपासणी) जूनपासून मोजायची, आणि प्लेट ‘75’ऐवजी ‘25’ची.

गाडी आठ-दहा वर्षं वापरणाऱ्याला यातलं काहीच फारसं जड जात नाही. प्री-रेजिस्टर्ड गाडी हा प्रामाणिक आणि पुष्कळदा उत्तम सौदा असतो, तिला सरसकट नाक मुरडू नये. इथे ती बाद झाली ती वेगळ्या कारणाने. या गाडीत तोच टेक्नॉलॉजी पॅक कारखान्यातच बसवलेला होता. लिस्ट प्राइस 40,150.

शिवाय ब्रिटनमध्ये रोड टॅक्स गाडीबरोबर नव्या मालकाकडे जात नाही. ऑक्टोबर 2014 पासून हा नियम आहे. डीलरने भरलेला पहिला कर त्याच्यापुरताच असतो आणि तुम्हाला गाडी ताब्यात घेताना नव्याने भरावा लागतो. तो या गाडीचा दुसऱ्यांदा भरलेला कर ठरतो, म्हणजे पहिल्याच दिवशी 620 पौंड. 34,900 मध्ये पाच वर्षांचे 2,125 मिळवले की 37,025 होतात. ब्रोकर अ च्या रोख भावापेक्षाही 480 ने महाग, आणि वॉरंटी तीन महिने कमी. पॅक हवाच होता असं ज्याला वाटतं त्याचा हिशोब वेगळा येऊ शकतो, यांना तो नको होता.

ब मधले 1,500 कोणाचे?

ब ने लेखी कळवलं की कर्ज नको असेल तर भाव 36,945. म्हणजे रोखीत तो अ पेक्षा 400 ने महाग होता. त्याची चकाकणारी 4,600 ची सूट दोन तुकड्यांची होती. 3,100 डीलरचे आणि 1,500 कार कंपनीचे. कंपनीचे 1,500 तिच्या कर्जाबरोबर मिळतात आणि ते कोणत्याही अधिकृत डीलरकडे मिळायला हवेत. अ ने ते कोटेशनमध्ये दाखवलेच नव्हते, कारण त्याचा फॉर्म रोख भावाचा होता.

म्हणून अ ला विचारलं, की तुमच्या भावावर कंपनीचं पीसीपी घेतलं तर? उत्तर आलं 35,045. डीलरची सूट 3,500 तशीच आणि वर 1,500. प्रत्येक वेळी हे असं सरळ होत नाही. काही कंपन्या कर्जाच्या गिऱ्हाइकासाठी डीलरला दिलेली मदत कमी करतात आणि मग दोन्ही सवलती पूर्ण मिळत नाहीत. पण विचारल्याशिवाय कळत नाही, आणि या एका प्रश्नाने सगळ्यात जास्त पैसे वाचले.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. गावातल्या डीलरकडेही तेच 1,500 मिळाले असते, म्हणजे त्याचा तुलनेचा भाव 38,845 नसून 37,345. ब्रोकरमुळे झालेली बचत 3,800 नव्हे, 2,300 आहे. उरलेले 1,500 कंपनीचे. ब्रोकरच्या साइट ही दोन्ही एकत्र करून स्वतःच्या नावावर दाखवतात आणि त्यामुळेच दोन ब्रोकरांची तुलना फसते.

कर्ज ठेवायचं की सोडायचं

जोडप्याकडे जुनी गाडी विकून येणारे पैसे धरून सुमारे 15,000 पौंड होते. उरलेल्या 20,000 साठी दोन वाटा होत्या.

कंपनीचं पीसीपी: 48 महिने, 6.9 टक्के एपीआर, शेवटचा मोठा हप्ता 13,500. दरमहा 230 पौंड. बँकेचं वैयक्तिक कर्ज: 48 महिने, 6.2 टक्के, दरमहा 470 पौंड, शेवटी काहीही देणं नाही.

230 चा आकडा बघून भले भले भुलतात. पण पीसीपीमध्ये 13,500 चं मुद्दल चार वर्षं जागचं हलत नाही आणि त्यावर व्याज चढत राहतं. एकूण व्याज पीसीपीचं 4,540, बँकेचं 2,560. गाडी शेवटी ठेवायचीच असेल तर पीसीपी 1,980 ने महाग, आणि 1,500 चं कॉन्ट्रिब्युशन त्यात वाहून जातं. चार वर्षांनी गाडी परत करण्याचा हक्क ज्याला खरोखर वापरायचा आहे त्याच्यासाठी पीसीपीला अर्थ आहे. या घराला गाडी ठेवायची होती.

मग 1,500 ही मिळवायचे आणि स्वस्त कर्जही, याचा कायदेशीर मार्ग आहे. कंझ्युमर क्रेडिट ॲक्ट 1974 च्या कलम 66अ नुसार 60,260 पौंडांपर्यंतच्या कर्ज करारातून 14 दिवसांच्या आत कारण न देता बाहेर पडता येतं. मुदत करार झाल्याच्या किंवा कराराची प्रत मिळाल्याच्या, जे नंतर असेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सूचना दिल्यावर 30 दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरायचं. पैसे भरले की गाडीची मालकी तुमच्याकडे येते. कर्ज रद्द होतं, गाडीची खरेदी रद्द होत नाही.

इथे चुका ठरलेल्या होतात. सूचना डीलरला किंवा ब्रोकरला देऊन चालत नाही, ती फायनान्स कंपनीलाच द्यावी लागते. फोन केला तरी सोबत ईमेल हवा. दुसरी चूक क्रमाची. आधी करार सोडून मग बँकेत जाणाऱ्याला बँकेने नकार दिला तर 30 दिवसांत 20,000 उभे करायचे कुठून? बँकेची लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय पीसीपीवर सहीच करू नये. तिसरी गोष्ट, दोन कर्जांसाठी क्रेडिट फाइलवर दोन चौकशा नोंदल्या जातात. येत्या काही महिन्यांत घराचं मॉर्गेज काढायचं असेल तर या वाटेला जाऊ नये, 1,500 पौंडांसाठी ते परवडणारं नाही. आणि कॉन्ट्रिब्युशन गाडीच्या बिलात सूट म्हणून धरलं जातं की नंतर परत मागता येईल असं काही कलम आहे, हे ऑर्डरवर सही करण्याआधी लेखी विचारावं. जोडप्याने विचारलं, तसं कलम नसल्याचं उत्तर ठेवलं आणि मगच पुढे गेलं.

गावातल्या डीलरला शेवटची संधी

अ चा लेखी भाव घेऊन ते गावातल्या शोरूममध्ये परत गेले. ज्याच्या गाडीत बसून टेस्ट ड्राइव्ह घेतली, त्याला एकदा विचारायला हवंच. सेल्समनने आधी ‘ही गाडी ब्रिटनच्या बाहेरून येते’ असं सांगून पाहिलं. अ ने डीलरचं नाव दिलेलं असल्याने ते लगेच खोटं ठरलं. कंपनीच्या ब्रिटनमधल्या अधिकृत डीलरचीच गाडी होती, वॉरंटी कंपनीची होती आणि सर्व्हिसिंग स्लाऊमध्येच होणार होतं. शेवटी मॅनेजर कॉन्ट्रिब्युशनसह 35,545 वर आला. फरक फक्त 500 पौंड.

500 जास्त देऊन गावात घ्यावी का? ज्याला जुनी गाडी तिथेच देऊन मोकळं व्हायचं आहे आणि बिघाडाच्या वेळी ओळखीचं काउंटर हवं आहे, त्याला हे पैसे वाया गेले असं म्हणता येणार नाही. पण याच डीलरने जुन्या हॅचबॅकचे 4,200 देऊ केले होते आणि ऑनलाइन विकत घेणाऱ्यांकडून 5,000 ची बोली होती. दोन्ही मिळून फरक 1,300 झाला. जुनी गाडी नेहमी वेगळी विकावी. एका व्यवहारात दोन भाव मिसळले की कोणता खरा ते गिऱ्हाइकाला कळत नाही.

तारखांचं गणित

अ च्या उत्तरात एक अट होती. गाडी 30 सप्टेंबरपर्यंत नोंदलेली हवी, नाहीतर भाव नव्याने ठरेल. इकडे 8 ते 21 सप्टेंबर पितृपक्ष, त्यात गाडी घरी आणायची नाही असं पुण्याहून बजावलेलं, आणि आई-बाबांची इच्छा दसऱ्याची. दसरा 2 ऑक्टोबरला, तिमाही संपल्यावर दोन दिवसांनी.

बरेच जण इथे भाव तरी सोडतात किंवा मुहूर्त तरी. दोन्हीची गरज नाही. डीलरचा बोनस नोंदणीच्या तारखेवर मोजला जातो, गाडी हाती देण्याच्या तारखेवर नाही. ऑर्डर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली, नोंदणी मंगळवारी, 30 तारखेला, आणि डिलिव्हरी गुरुवारी, 2 ऑक्टोबरला. मधल्या दोन दिवसांत गाडी डीलरच्या ताब्यात आणि त्याच्याच विम्याखाली राहील हे ईमेलवर घेतलं. स्वतःचा विमा 2 तारखेच्या सकाळपासून, नंबर कळल्याबरोबर. नोंदणी अगदी शेवटच्या दिवसावर ठेवणं थोडं धाडसाचं होतं. एक-दोन दिवस आधीची तारीख मागितली असती तर बरं, कारण महिनाअखेरीला डीलरच्या ऑफिसात नोंदणीच्या कामांची रांग लागलेली असते.

ऑर्डर फॉर्म आणि पैसे

फॉर्म डीलरच्या नावाचा आला पाहिजे, ब्रोकरच्या नाही. त्यावर हे सगळं लिहिलेलं हवं: नवी आणि नोंदणी न झालेली गाडी, पहिला कीपर म्हणून तुमचं नाव, रंग व ऑप्शन, लिस्ट प्राइस, ऑन द रोड भाव, नोंदणीची तारीख आणि ताब्यात देताना जास्तीत जास्त किती मैल चाललेली असेल ती मर्यादा. शेवटची बाब क्षुल्लक वाटते. डीलर दीडशे मैलांवर असेल आणि गाडी ट्रेलरऐवजी चालवत आणली तर नवी गाडी दारात येते तेव्हा मीटरवर 150 मैल असतात. जोडप्याने 25 मैलांची मर्यादा घालून घेतली. ट्रेलरचा खर्च कोणाचा, हेही आधीच ठरवावं.

डीलर खरा आहे का हे तपासण्याची साधी रीत म्हणजे कार कंपनीच्या साइटवरून त्या डीलरचा नंबर शोधून स्वतः फोन लावणं आणि ऑर्डर नंबर सांगून खात्री करणं. ईमेलमध्ये आलेल्या नंबरवर फोन करू नये. ब्रोकर कर्जाची व्यवस्था लावत असेल तर तो एफसीएच्या, म्हणजे ब्रिटनच्या वित्तीय नियामकाच्या, रजिस्टरवर सापडला पाहिजे. डिपॉझिट डीलरच्या खात्यात द्यायचं, ब्रोकरच्या नाही. शेवटची रक्कम पाठवण्याच्या दिवशी ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा ईमेल आला तर पैसे थांबवून आधीच्याच नंबरवर फोन करायचा. अशा बनावट ईमेलने लोकांची आयुष्याची पुंजी गेलेली आहे, आणि बँकेतून पाठवलेले पैसे परत मिळतीलच असं धरून चालू नये.

क्रेडिट कार्डाबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. डिपॉझिट कार्डाने दिलं की त्याच कंझ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम 75 चं संरक्षण मिळतं, म्हणजे विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार राहते, असं सर्रास सांगितलं जातं. ते वस्तूची किंमत 100 पौंडांपेक्षा जास्त आणि 30,000 पर्यंत असेल तरच लागू होतं. 35,045 ची गाडी त्यात बसत नाही, मग कार्डावर 500 दिलेले असोत की 5,000. कार्ड वापरावं, कारण चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेली रक्कम उलटवून परत, मागता येतो, पण ती कार्ड कंपन्यांची व्यवस्था आहे, कायद्याचा हक्क नाही. त्यामुळे डिपॉझिट कमी ठेवणं हेच खरं संरक्षण. इथे ते 250 पौंड होतं.

सगळा करार ईमेल आणि फोनवरच झाला असेल तर 2013 च्या कंझ्युमर कॉन्ट्रॅक्ट्स नियमांनुसार गाडी मिळाल्यापासून 14 दिवस व्यवहार रद्द करण्याचा हक्क असतो. स्टॉकमधल्या गाडीला तो स्पष्ट लागू होतो. खास तुमच्या मागणीप्रमाणे घडवलेल्या वस्तूला नाही, त्यामुळे फॅक्टरी ऑर्डरवर डीलर वाद घालतात. शोरूममध्ये जाऊन सही केलीत तर हा हक्कच उरत नाही. तरीही दोषासाठी कंझ्युमर राइट्स ॲक्ट 2015 चे 30 दिवस सगळ्यांनाच आहेत, त्या मुदतीत सदोष गाडी नाकारून पूर्ण पैसे मागता येतात.

गाडी दारात आल्यावर

डिलिव्हरी करणारा ड्रायव्हर घाईत असतो आणि त्याच्या टॅबवर सही हवी असते. सहीपूर्वी दिवसाउजेडी चारही बाजूंनी फोटो, चाकांच्या रिम, बंपरच्या खालच्या कडा, मीटरवरचे मैल, दोन किल्ल्या, आणि काचेखालचा व्हीआयएन (गाडीचा चासी नंबर) ऑर्डर फॉर्मशी जुळवून घ्यायचा. ओरखडा असला तर त्याच कागदावर लिहायचा. दूरच्या डीलरकडून घेतलेल्या गाडीचा रंग दुरुस्त करून घेणं हेच सगळ्यात कटकटीचं काम. तो म्हणतो गाडी इकडे आणा, आणि जाऊन-येऊन 300 मैल पडतात. स्लाऊमधल्या बॉडीशॉपचं बिल डीलर भरेल हे त्याच वेळी लेखी घ्यावं.

कर्जाचा करार 30 सप्टेंबरला झाला होता. बाहेर पडण्याची सूचना 6 ऑक्टोबरला गेली, 14 तारखेची मुदत यायच्या बरीच आधी. फायनान्स कंपनीने दिवसाला 3.67 पौंड व्याजाचा हिशोब पाठवला. बँकेचे पैसे आल्यावर 20 ऑक्टोबरला 20,073 पौंड भरले. गाडी पडली 35,118 ला, पुढे बँकेचा 470 चा हप्ता. डीव्हीएलएकडून व्ही5सी आल्यावर त्यावर तीन गोष्टी तपासल्या: आधीच्या कीपरची संख्या शून्य, पहिल्या नोंदणीची तारीख 30 सप्टेंबर आणि उत्सर्जन 124 ग्रॅम. फायनान्स कंपनीकडून खातं बंद झाल्याचं पत्र मागवून घेतलं, कारण कर्जाची नोंद गाडीच्या व्हीआयएनवर चढलेली असते आणि ती उतरली नाही तर चार-पाच वर्षांनी गाडी विकताना पुढचा माणूस तपासणी करतो आणि व्यवहार तिथेच अडकतो.